खाली उतरवलेला कॉम्प्युटर

पिरंगुटजवळच्या भरे गावात मी खोली घेतली तेव्हा मला वाटलं होतं, सहा महिन्यांत कंटाळून परत जाईन. गेले नाही. जाऊन तरी करणार काय? अकोल्याकडच्या आमच्या घरी थोरल्या भावाचा संसार सुरू होता आणि आयटीआयमधली माझी तात्पुरती मास्तरकी संपली होती. पस्तिशीला टेकलेली, लग्न न झालेली बहीण घरात बसून राहिली की स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज आपोआप वाढतो. तेव्हा पिरंगुटच्या बाजूला, प्लास्टिकचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात कामगारांना शिकवायची नोकरी मिळाली, ती मी दोन्ही हातांनी धरली.

पहिली दोनेक वर्षं बरी गेली. कारखान्याच्या एका कोपऱ्यात शिकवण्याची खोली होती. तिथं फळा होता, बाकं होती आणि टेबलावर मोडीत निघालेला एक लोखंडी साचा होता. पुरुष सकाळी यायचे, बायका जेवणाच्या सुट्टीनंतर. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप पडून गेलेलं होतं. माझा आवाज मोठा. आमच्या वऱ्हाडात हळू बोलणाऱ्या माणसाला आजारी समजतात. मी ओरडून शिकवायची, साच्यात स्वतःचा हात घालून दाखवायची, "असा घातला की गेला बाप्पा!" म्हणायची, आणि अख्खी खोली हसायची. माझं ते "बाप्पा" सगळ्या कारखान्यात झालं होतं. पाठीमागून माझी नक्कल करायचे. मला राग यायचा नाही, उलट बरं वाटायचं. निदान कुणीतरी आपलं काहीतरी उचललंय.

मग दोन हजार सहा साली आमच्याकडे सॉफ्टवेअर आलं.

कारखान्याचे साहेब बावधनला राहायचे, रोज गाडीनं घाट उतरून यायचे. माणूस वाईट नव्हता, पण मुंबईच्या मुख्य कचेरीतून काही आलं की त्यांच्या चेहऱ्यावर देवीचा प्रसाद मिळाल्यासारखं तेज यायचं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, आता घसा कोरडा करायला नको. सगळे धडे कॉम्प्युटरवर. कामगार येणार, हेडफोन लावणार, बघणार, उत्तरं देणार. कोण काय शिकलं ते तुम्हाला केबिनमध्ये बसून दिसणार."

"आणि कुणाला काही विचारायचं असलं तर?"

"मदतीचं बटण आहे ना."

फळा काढला. बाकं काढली. माझा साचा भंगारात गेला. त्या जागी एका लांब टेबलावर चार कॉम्प्युटर आले, समोर चार खुर्च्या, एकीला एक खेटून. मला वरच्या मजल्यावर काचेची केबिन मिळाली. दहा माणसांनी अभिनंदन केलं. केबिनमधल्या पडद्यावर सगळ्या कामगारांची नावं एकाखाली एक आणि प्रत्येकासमोर रंग. धडा झाला की हिरवा, अर्धा राहिला की पिवळा, काहीच नाही की लाल. दिवसभर मी माणसांची नावं बघत बसायची आणि माणूस एकही नाही. दुपारनंतर तर मी चहा द्यायला येणाऱ्या माणसाची वाट बघायला लागले. तो कप ठेवून निघून जायचा. शिकवायला माणूस समोर नसला की मास्तर कसला उरतो? संध्याकाळी घरी निघताना मी सकाळपासून किती वाक्यं बोलले ते आठवायची आणि आठवायला फारसं काही नसायचं.

त्यातल्या त्यात एक सोबत होती. मी ज्यांच्याकडे राहायची त्या घरमालकांची सून. आमच्याच कारखान्यात पॅकिंगला होती. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. घरात सासू, सासरे, आणि नवरा टेम्पोवर असल्यामुळे बहुतेक रस्त्यातच. मालकांनी रस्त्याकडेची थोडी जमीन विकून ओळीनं खोल्या बांधल्या होत्या. टोकाच्या खोलीत मी, बाकीच्या अजून रिकाम्या. घरात ती कुणाशी बोललेली मी ऐकली नव्हती. सासूनं काही सांगितलं की "व्हय" आणि विचारलं की "न्हाई", एवढंच. पण सकाळी आम्ही दोघी भाताच्या खाचरांच्या बांधावरून कारखान्याला चालत निघालो आणि घर झाडाआड गेलं, की ही जी सुरू व्हायची!

"ताई, रातच्याला तुमचा कुकर किती शिट्ट्या मारतुया ओ! डाळ शिजवताय का दगुड?"

"तुझं काय जातं? माझी डाळ, माझा गॅस."

"तसं न्हाई, आमची म्हस बुजतीया."

एकदा तिनं सरळ विचारलं, "तुमी लगीन का न्हाई केलं?" असं विचारणाऱ्यांना मी फाडून खायची. पण तिच्या विचारण्यात कीव नव्हती, निव्वळ चौकशी होती, आज भाजी कोणती केली तशी. मी म्हटलं, "जमलं नाही. आणि मग जमवायचा कंटाळा आला." ती म्हणाली, "बेस केलं." आणि पुढं चालायला लागली. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. आईसुद्धा मला कधी "बेस केलं" म्हणाली नव्हती.

त्या पावसाळ्यात साहेबांनी सूचना लावली. मोल्डिंग मशीनवर नवे ऑपरेटर घ्यायचे, आहेत त्याच कामगारांतून, आणि घेतील ते कायम होतील. अट एकच. दिवाळीपर्यंत ज्यांचे सगळे धडे हिरवे असतील त्यांचाच विचार होईल. दुसऱ्या दिवशी बांधावर ती माझ्यापुढं भराभर चालत होती. मग एकदम म्हणाली, "ताई, मला मशीनवं जायचंय."

"मग जा की."

"मस्करी न्हाई. खोकी भरून भरून हात आपोआप चालत्यात. डोस्कं घरी ठिवून आलं तरी चालंल असं काम हाय ते." तिनं पदर खोचला. "आन मामंजी म्हनलेत, दिवाळीपतुर कायम झाली तर जा कामाला. न्हाईतर बस झालं. लवळ्याची कॉलेजची पोरं खोल्या घेनार हायेत, त्यांचं जेवान करायला घरी मानूस पायजेल."

मामंजी म्हणजे तिचे सासरे. मी विचारलं, "आणि घरी राहिलीस तर?"

"मरनार न्हाई मी. पर मंग मी कुनाशी बोलू?"

 तिचा प्रश्न तिचा होता, पण मला तो माझाच वाटला.

धडे सुरू झाले. त्यात मुंबईकडच्या कुणा बाईचा गोड आवाज होता. "प्रशिक्षणार्थी मित्रांनो, आपत्कालीन थांबा कळ कोठे असते हे आपण पाहू या." आमच्याकडे त्याला सगळे लाल बटण म्हणायचे. असो, चित्र होतं म्हणून कळायचं. पोरं हेडफोन गळ्यात अडकवून पुढे, पुढे, पुढे दाबत सुटायची आणि चहाच्या सुट्टीत हिरवी होऊन बाहेर पडायची. त्यांना काय कळलं ते देव जाणे. सॉफ्टवेअरला ते विचारायचंच नव्हतं.

पण तिच्या नावासमोर लाल. दुसऱ्या आठवड्यातही लाल. मी तिची ओळ उघडून बघितली. धडा उघडला, उत्तर नाही, वेळ संपली, धडा बंद. पुन्हा उघडला, पुन्हा तेच. साहेबांनीही ते बघितलं. म्हणाले, "ही जरा मंद आहे का हो?"

मंद! मला असा संताप आला. जिला माझ्या फळ्यावरचं एकदा सांगितलेलं महिन्यानं आठवायचं, जी साच्याला हात लावून "ताई, हितं वाफ धरत आसंल की" म्हणायची, ती मंद? मी तिला बांधावर विचारलं. "हुतंय ओ, करते," असं म्हणून तिनं विषयच बदलला. दुसऱ्यांदा विचारलं तर तेही बोलेना. मला वाटलं, कॉम्प्युटरला घाबरत असेल. पण म्हशीखाली बसणारी बाई, डब्याला घाबरेल?

शेवटी एक दिवस तिच्या गटाच्या वेळेला मी केबिन सोडून खाली गेले आणि दारातून बघितलं.

ती कॉम्प्युटरसमोर उभी होती. खुर्ची रिकामी, आणि ही खुर्चीच्या मागे उभी. डोक्यावर कंपनीची कागदी टोपी, टोपीवरून पदर ओढलेला, मान खाली. पडद्यावर गोड आवाजाची बाई बोलत होती आणि हेडफोन टेबलावरच पडलेला होता. शेजारच्या खुर्चीवर स्टोअरमधले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. हे तिचे चुलत सासरे. तेही अवघडून, माऊस असा धरलेला की जणू विंचू. मी बघतेय तोवर ते उठले, खाकरले, आणि कुणाकडेही न बघता बाहेर आले.

"काय झालं काका? धडा झाला?"

"न्हाई म्याडम. तंबाकू खायला चाललोय."

"मधूनच?"

ते घुटमळले. मग आवाज खाली करून म्हणाले, "सून हाय ती आमची. मी बसल्याव ती कशी बसंल बराबरीनं? म्हनून मी भाईर जातुया, म्हंजी ती बसंल."

"मग बसते का?"

"ते मला काय ठावं? मी भाईर आसतुया."

मी आत बघितलं. ती अजून उभीच होती. सासरे कुठल्याही क्षणी परत येतील, आणि आपण खुर्चीत सापडू! केबिनमधल्या पडद्यावर त्यांच्याही समोर लाल होतं, हिच्याही समोर लाल. दोघंही एकमेकांसाठी खुर्ची सोडून बसली होती, आणि खुर्ची आपली रिकामी.

मला हसूही आलं आणि स्वतःच्या कपाळावर मारून घ्यावंसंही वाटलं. कारखान्यात सगळेच उभे राहून काम करतात. पॅकिंगला उभं, मशीनवर उभं, स्टोअरला उभं. जेवायला बायका बाहेर आंब्याखाली गोल करून जमिनीवर बसायच्या, पुरुष कॅन्टीनमध्ये. एवढ्या वर्षांत सून आणि सासरा शेजारी शेजारी खुर्चीवर बसण्याचा प्रसंग कधी आलाच नव्हता. तो या चार खुर्च्यांनी आणला. आणि सॉफ्टवेअर गट पाडायचं नोकरीच्या क्रमांकाप्रमाणे. गावची माणसं एकाच दिवशी भरती झालेली, म्हणून अख्खी भावकी एका ओळीत. सासरे, दीर, जावा, सगळे मांडीला मांडी लावून.

बांधावर मी तिला म्हटलं, "अगं, कंपनीत कुठले आलेत सासरे? बसायचं सरळ."

"कंपनीत न्हाईत, पर सांजच्याला घरी हायेत की," ती म्हणाली. "त्ये काय बोलनार न्हाईत, त्ये चांगले हायेत. म्हनूनच तर. चांगल्या मानसाचा मान कसा मोडायचा?"

 आमच्या गावी तरी काय वेगळं होतं! माझ्या वहिनीला आमच्या मामासमोर पलंगावर बसलेली मी कधी बघितली नव्हती.

साहेबांना सांगितलं, हिचा गट बदला. ते म्हणाले, गट सिस्टिम ठरवते, पुढच्या तिमाहीपर्यंत हात लावता येत नाही. "पण तुम्ही कारण भरा ना, लाल का आहे त्याचं. सोय आहे." सोय होती. कारणांची यादी होती. आजारपण, रजा, वीज नाही, मशीन बंद, भाषा समजत नाही, इतर. मी 'इतर' दाबलं. खाली एक चौकोन उघडला. त्यात मी सगळं लिहिलं, अगदी टोपीवरच्या पदरासकट. चौकोन अर्ध्यातच भरला आणि पुढची अक्षरं उमटेनात. जेवढं गेलं तेवढ्याला मुंबईहून उत्तर आलं, योग्य कारण निवडा. मी पडद्याकडे बघून मोठ्यानं शिवी दिली. केबिनमध्ये ऐकायला होतंच कोण!

तोड तिनंच काढली. एका सकाळी चालता चालता म्हणाली, "ताई, खाली बसले तर?"

"कुठे खाली?"

"भुईवं. घरी मामंजी खुर्चीत आसत्यात, मी खाली बसून भाजी निवडते. त्याला कुठं काय हाय? त्यो कॉम्प्युटर तेवडा खाली आला तर..."

मायबाई! एवढं सोपं. त्या दिवशी आम्ही एक कॉम्प्युटर टेबलावरून खाली उतरवला. वायर पुरेना, ती जोडून आणली. पॅकिंगचे जाड पुठ्ठे जमिनीवर अंथरले, पडदा एका उपड्या खोक्यावर ठेवला. ती मांडी घालून बसली, पदर नीट केला, आणि अशी बोटं चालवायला लागली जणू लहानपणापासून हेच करत होती. चुलत सासरे पलीकडच्या टोकाला खुर्चीत बसले, भिंतीकडे तोंड करून, एकदम सुखात. त्या दिवशी दोघांचेही पहिले धडे हिरवे झाले.

दुसऱ्या दिवशी तिच्या दोन जावा आल्या. मग पॅकिंगच्या बाकीच्या. त्यांनाही कुणाकुणासमोर खुर्चीत बसायचं संकट होतंच, कुणी बोललं नव्हतं एवढंच. हेडफोन काढून टाकले, आवाज मोठा केला. एकीनं आपलं नाव घालायचं, प्रश्न आला की सगळ्यांनी बोलायचं, मग दुसरीनं आपलं नाव घालून तोच धडा करायचा. आणि काय भांडायच्या! साच्यात माल अडकला तर पहिल्यांदा काय करायचं, या एका प्रश्नावर अख्खी चहाची सुट्टी गेली. एक म्हणाली काठीनं काढायचा. दुसरी म्हणाली, तुजा हात जाईल, मंग भाकरी कशानं थापशील? मग जेवणाच्या डब्याची दोन झाकणं एकमेकांवर आपटून साचा कसा मिटतो ते त्यांनी करून बघितलं. मला केबिनमध्ये राहवेना. मीही खाली येऊन बसले. "असा घातला की गेला बाप्पा!" मी म्हटलं, आणि सगळ्या फिसकन हसल्या. भिंतीकडे तोंड करून बसलेले म्हातारे तसेच भिंतीला म्हणाले, "कुनीतरी सांगा रं, आधी मशीन बंद करा, मंग काय त्ये काढा." सुनेशी थेट बोलायचं नव्हतं ना! आम्ही हसून हसून आडव्या झालो.

त्या दिवसांत मला रात्री चांगली झोप लागायची. रविवारी फोनवर आई म्हणाली, तुझा आवाज बरा वाटतो. मी म्हटलं, "शिकवायला लागलेय परत." बांधावर ती मला धडे म्हणून दाखवायची. मध्येच उभी राहून भाताच्या लोंब्यांना सांगायची, "मशीन चालू करायच्या आदी दरवाजा लागलाय का बगा." पाऊस कमी झाला होता, भात पोटरीतून बाहेर आलं होतं. तिचं जवळजवळ सगळं हिरवं झालं. एक धडा फक्त राहिला होता आणि दिवाळी पुढे होती. ती म्हणाली, "आता मामंजींना सांगते." मी म्हटलं, थांब, यादी लागू दे.

यादीच्या आधी मुंबईहून तक्रार आली. साहेबांनी मला बोलावलं. पडद्यावर आमच्या सगळ्या बायकांच्या नावासमोर हिरवाही नाही, लालही नाही, एक नवाच रंग होता, काळपट. सॉफ्टवेअरनं पकडलं होतं. इतक्या जणींची उत्तरं एकाच कॉम्प्युटरवरून, एकापाठोपाठ, आणि जुळणारी. आगीच्या धड्यातला एक प्रश्न तर सगळ्यांनी मिळून एकसारखाच चुकवला होता. त्यावर शिक्का बसला, नक्कल.

"कॉपी केली म्हणे त्यांनी," साहेब म्हणाले.

"कॉपी? परीक्षा होती का ही? शिकायचं होतं ना त्यांनी? त्या शिकल्या! चार जणी भांडल्या की त्यांचं उत्तर एकच होणार ना? मग घरोघरी स्वयंपाकाचीही कॉपीच म्हणा!"

"मॅडम, आवाज."

"आवाज असाच आहे माझा! चला, मशीनसमोर उभी करा तिला आणि विचारा काय विचारायचं ते."

ते खुर्चीत मागं रेलले. चिडलेही नाहीत, हेच मला जास्त लागलं. म्हणाले, "मला माहीत आहे तिला येतं. मी स्वतः दारातून ऐकलंय एकदा. छान चाललं होतं. पण ते भरू कुठे? मला आलेलं दिसून उपयोग नाही, तिथं दिसलं पाहिजे."

मी मुंबईला लिहिलं, दोनदा लिहिलं. पुन्हा पहिल्यापासून एकेकटीनं धडे करावेत, पुढच्या तिमाहीत, असं उत्तर आलं. पुढची तिमाही दिवाळीनंतरची. मशीनवर पुढे-पुढे दाबणारी दोन पोरं घेतली. पोरं चांगली होती बिचारी. त्यांच्यावर माझा राग नाही.

तिला मीच सांगितलं, बांधावर. दुसऱ्या कुणाकडून कळलेलं मला चाललं नसतं. ती ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, "पर आमाला येत हुतं की ताई." मी म्हटलं, हो, येत होतं. "मंग कॉपी कुनाची केली? एकीला तरी आदी ठावं पायजे ना, दुसरीनं कॉपी करायला." आणि तिला रडू आलं. रस्त्यात बसून रडायची पद्धत नाही तिच्याकडे. ती चालता चालता रडली आणि फाटकापाशी तोंड पुसून आत गेली.

दिवाळीत भातकापणी उरकली. मालकांनी मला ओसरीवर बोलावून फराळाचं ताट दिलं. "खा म्याडम. आता घरचंच बगंल ती. लई दिस केली नोकरी." ते काही दुष्ट नव्हते. दिलेल्या शब्दाला जागले होते, कायम झाली असती तर जाऊ दिलंच असतं. मी करंजी खाल्ली. ती आत परातीत पीठ मळत होती. मला पाठ दिसत होती.

त्यानंतर आम्ही एकाच घरात राहत होतो आणि आमची भेट संपली. आमचं सगळं बोलणं रस्त्यावर असायचं, आणि तो रस्ता आता मी एकटी चालायची. लवळ्याच्या कॉलेजची पोरं खोल्यांत राहायला आली. पहाटेपासून तिच्या भाकऱ्या सुरू व्हायच्या. माझाही डबा त्यातच लावला. कुकरच्या शिट्ट्या बंद झाल्या. संध्याकाळी ती दाराशी डबा ठेवायची, "ठिवलाय ओ ताई," एवढंच म्हणायची आणि ओसरीवर सासरे असायचे म्हणून लगेच आत जायची. आमच्यात मोजून पंधरा पावलं असतील. मी कधी कधी दाराआड उभी राहून तिच्या येण्याची वाट बघायची, आणि ती आली की मला काही सुचायचंच नाही. एवढा मोठा आवाज माझा, पण तो फाटकापासून फळ्यापर्यंतच चालायचा.

सोमवारी सकाळी सॉफ्टवेअर मला आठवण पाठवायचं. या कामगारानं बरेच दिवस धडा उघडलेला नाही, कृपया संपर्क साधावा. तिचं नाव काढून टाकायला कुणी सांगितलं नव्हतं. मीही काढलं नाही.

पुढच्या वर्षी नवी आवृत्ती आली. साहेबांनी पेढे वाटले. "मॅडम, तुम्ही ओरडत होता ना, ते झालं बघा." आता एक बटण होतं, गटानं शिका. पाच-सहा जणांनी एका कॉम्प्युटरवर एकत्र धडा केला तरी चालणार होता, प्रत्येकासमोर हिरवा उमटणार होता. मी धावत खाली गेले, एक कॉम्प्युटर उतरवला, पुठ्ठे अंथरले, पॅकिंगमध्ये जाऊन सगळ्यांना सांगून आले. कुणी आलं नाही. एकदा कॉपीचा शिक्का बसलेल्या बायका त्या खोलीत तोंड उघडायला तयार नव्हत्या. नव्या आलेल्यांना एकमेकींशी बोलायची सवयच नव्हती. ज्या यायच्या त्या सासरे नसलेली वेळ साधून खुर्चीत बसायच्या आणि पुढे, पुढे, पुढे. आठवडाभर पुठ्ठे तसेच पडून राहिले. मग झाडणाऱ्या बाईनं गोळा केले.

त्या संध्याकाळी मालक जमिनीच्या कामाला पौडला गेले होते आणि ओसरी मोकळी होती. ती डबा घेऊन आली आणि पहिल्यांदाच दारात थांबली. वाळली होती. भाजल्याचा एक डाग मनगटावर होता.

"कंपनीत काय नवं, ताई?"

सांगू की नको, असं झालं मला. मग सांगितलं, नव्या बटणाचं. ती पूर्वीसारखी खळखळून हसली. "आता व्हय! आता शानं झालं व्हय त्ये!" हसता हसता तिनं विचारलं, "मंग कोन कोन बसतंय खाली?"

"कोणी नाही."

"कुनीच न्हाई?"

"कुणाला यायचंच नाही."

ती हसायची थांबली. डब्याची कडी उगाच लावत-काढत राहिली.

"मी आले आसते की ओ," ती म्हणाली. "मला लई यायचं हुतं."

 मी हात पुढे करून डबा घेतला. आतून सासूनं हाक मारली, आणि ती गेली.